कावडीचा खांदा

उजागरे सिस्टरांनी गहिनीनाथच्या डाव्या खांद्यात अंगठा रुतवला आणि विचारलं,

"इथं दुखतंय?"

"व्हय. तितंच कुटंतरी."

"कुठंतरी म्हणजे? दुखणं तुझं आणि पत्ता मी शोधायचा?"

शेजारच्या खाटेवर पालथा पडलेला जैनुद्दीन पिंजारी फिसकन हसला. पाठीवरचं गळू कापल्यापासून हसणं त्याला महागात पडायचं, पण सिस्टर बोलायला लागल्या की त्याचा इलाज चालत नसे.

सिस्टरांनी मलमाची डबी उघडली आणि खांदा चोळायला घेतला. मोठा, तुकतुकीत, कसलेला खांदा. गहिनीनाथ पाठीमागं उशा लावून बसला होता आणि समोरच्या भिंतीकडं बघत होता. सिस्टरांनी पुन्हा एकदा दाबून पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

"आत हाय दुखनं," तो म्हणाला. "दाबून न्हाई कळत."

"कळेल कसं? महिनाभर कावड वाहून खांद्याचं लाकूड झालंय तुझ्या. आणि चार दिवस बसून काढलेस, सगळं अंग आखडलं. घरी जा, बायकोला म्हणावं मीठ तापवून शेक दे. दोन दिवसांत पळेल."

पुरुषांच्या वॉर्डात उजागरे सिस्टरांना वीस वर्षं झाली होती. रोग्याच्या चपला बघून त्याचं गाव सांगतात, अशी त्यांची ख्याती होती आणि त्यात फुगवलेलं थोडंच होतं. धंदा विचारा, अर्धं दुखणं तिथंच कळतं, हे हाताखालच्या पोरींना त्यांचं पहिलं सांगणं असायचं. मोट हाकणाऱ्याची कंबर, ऊस तोडणाऱ्याचं मनगट, हॉटेलात दिवसभर उभं राहणाऱ्याच्या पोटऱ्या. वीस वर्षांत या हिशेबानं त्यांना क्वचितच दगा दिला होता. त्यामुळे त्या बोलायच्या ते ठासून बोलायच्या आणि ऐकणाऱ्यालाही त्यात बरं वाटायचं. आजारी माणसाला कुणीतरी ठाम बोलणारं हवंच असतं.

गहिनीनाथ आला होता तो बरगड्यांना मार लागून. गाडी जुंपताना बैलानं मान झटकली आणि शिंग डाव्या कुशीत बसलं. शिंग आत शिरलं नव्हतं, पण मुका मार जबर होता. डॉक्टर अलीम यांनी पट्टा बांधून त्याला ठेवून घेतलं आणि रोज दोन्ही वेळा पोट तपासलं. आज सकाळच्या फेरीतही त्यांनी पोट दाबलं, जीभ पाहिली, डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि म्हणाले, "जा घरी. महिनाभर जड उचलायचं नाही." मग जीप काढून ते सोनईला गेले. आठवड्यातून एकदा तिथं त्यांचा तपासणीचा दिवस असे आणि भोवतालच्या खेड्यांतली माणसं पहाटेपासून येऊन बसत.

खांदा दुखायला लागला तो डॉक्टर गेल्यावर.

सिस्टरांनी हात पुसले आणि सवयीनं गहिनीनाथचं मनगट धरलं. नाडी भरभर चालली होती.

"घरी जायची घाई नाडीलाही लागली म्हणायची," त्या हसून म्हणाल्या.

घाई होतीच. यंदा मढीच्या कावडीचा मान गहिनीनाथच्या घराकडं आला होता. पैठणला गोदावरीचं पाणी कावडीत भरायचं आणि ते खांद्यावरून पायी मढीला न्यायचं, पाडव्याच्या आत कानिफनाथांच्या समाधीला घालायचं. गावात घरं पुष्कळ, त्यामुळं एका घराला मान पुन्हा यायचा म्हणजे अर्धं आयुष्य सरायचं. गहिनीनाथ महिनाभर पहाटे उठून भरल्या घागरींची कावड घेऊन शिवाराला फेऱ्या मारत होता. त्याला गावात खांदा बसवणं म्हणत. बैलानं सगळ्यावर पाणी फिरवलं होतं, पण घरच्यांनी तोड काढली होती. कावड धाकट्या भावानं न्यायची आणि वेशीपासून पाच पावलं गहिनीनाथनं खांदा द्यायचा. पाच पावलांना डॉक्टर काही म्हणणार नाहीत, असं सगळ्यांनी आपापसांत ठरवून टाकलं होतं.

तो धाकटा भाऊ, सहादेव, बाहेर कडुलिंबाखाली बैलगाडीत गवत पसरून त्यावर गोधडी घालत होता. गहिनीनाथची बायको मालनबाई गाठोडं बांधता बांधता उठली आणि तांब्या घेऊन माठाकडं निघाली.

"पुन्हा पाणी?" सिस्टरांनी विचारलं.

"सकाळधरनं सारखं पानीच मागत्यात ह्ये," मालनबाई म्हणाली. "आग पडलीया घशात म्हनं."

"चैत्र तोंडावर आलाय. मलासुद्धा पडलीय."

औषधं देऊन झाल्यावर हाताखालची नवी नर्स अन्नम्मा गहिनीनाथचा पट्टा नीट बांधायला आली. अन्नम्मा केरळातून येऊन सहा-सात महिने झाले होते. मराठी ती शाळेतल्या धड्यासारखी, एकेक शब्द मोजून बोलायची, आणि तिला दिवसातून पन्नास गोष्टी विचाराव्या लागत. पिठलं म्हणजे काय, पोळा म्हणजे काय, नणंद कुणाची कोण. सिस्टर कधी सांगायच्या, कधी वैतागायच्या. आज त्या कपाटातून गहिनीनाथची घरी न्यायची औषधं काढत होत्या आणि त्यांची पाठ होती. म्हणून अन्नम्मानं रोग्यालाच विचारलं.

"दादा, कावड म्हणजे काय असते?"

सकाळपासून मरगळून बसलेल्या गहिनीनाथच्या तोंडावर जरा जीव आला. ज्या माणसाला कावड ठाऊक नाही असं माणूस त्यानं पहिल्यांदाच पाहिलं असावं.

"कावड ठावं न्हाई? आरं तिच्या! आवं, ह्यो असा बांबू आसतुया. ह्या टोकाला एक घागर, त्या टोकाला एक घागर. गंगंचं पानी भरायचं आन् हिकडं-तिकडं न बगता चालायचं." त्यानं खाटेच्या कडेची मच्छरदाणीची काठी ओढून घेतली. "आन् खांद्यावर आशी घ्यायची."

काठी उचलल्याचा आवाज झाला तशा सिस्टर वळल्या.

"ठेव ती काठी! जड उचलायचं नाही म्हणून सांगितलंय ना!"

"काठीला कसलं वजान, शिस्टरबाई."

काठी त्याच्या उजव्या खांद्यावर होती. सदऱ्याचा गळा सरकला होता आणि खांदा जिथं मानेला मिळतो तिथं तळहाताएवढा घट्टा दिसत होता, काळपट, भेगाळलेला. डाव्या खांद्यावर मलम चकाकत होतं. तिथं घट्टा नव्हता.

सिस्टरांच्या हातात गोळ्यांची पुडी होती. ती त्यांनी कपाटावर ठेवली.

"चालताना खांदा बदलता ना रे तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"छ्या! देवाचं पानी डाव्यावर न्हाई घेत आमी. डावा खांदा मयताला. कावड उजव्यावर उचलायची ती मढीला जाऊनच उतरायची. दुखू दे, न्हाईतर तुटू दे."

लहानपणी सिस्टरांनी दर वर्षी कावडी पाहिल्या होत्या. नगरकडच्या त्यांच्या गावावरूनच त्या जात. पण पाहिल्या त्या रस्त्याच्या पलीकडून. ख्रिस्ती वस्तीतल्या पोरांनी कावडीच्या जवळ जायचं नव्हतं. बांबू, घागरी, फडक्यांचे रंग, गुलाल, सगळं त्यांना आठवत होतं. कुठला खांदा, हे रस्त्याच्या पलीकडून कुणी बघत नाही.

त्या खाटेजवळ आल्या. काठी त्याच्या हातातून काढून घेतली, मनगट धरलं. मघाशी जी नाडी त्यांनी हसण्यावारी नेली होती ती आता आणखी पळत होती, आणि बोटाखाली बारीक लागत होती. त्यांनी त्याची पापणी ओढली. सकाळी डॉक्टरांनी ओढली तेव्हा त्या शेजारीच उभ्या होत्या. तेव्हाचा रंग यात नव्हता.

"अन्नम्मा, उशा काढ. पायाकडून खाट उचलू, ठोकळे आण."

दोघींनी मिळून पायाकडची बाजू उचलली आणि खुरांखाली लाकडी ठोकळे सारले. गहिनीनाथ उताणा, डोकं खाली, पाय वर. मग त्याचा उजवा हात आपोआप डाव्या खांद्याकडं गेला आणि त्यानं दात आवळले.

"आता लई... आता लईच दुखतंय बाई."

सिस्टरांनी त्याच्या पोटावर हात ठेवला. डावीकडचं पोट हाताखाली ताठ झालं. ठोकळे काढले, खाट खाली केली, आणि काही वेळानं खांद्याची कळ ओसरली. खांद्याला कुणी हात लावला नव्हता.

"ब्लडप्रेशर घे," त्या म्हणाल्या. "आणि हलू द्यायचं नाही. पाणीसुद्धा नाही."

अन्नम्मानं पट्टा बांधून पारा पाहिला आणि आकडा हळू आवाजात सांगितला. सिस्टरांनी तिला खाटेपासून दोन हात लांब नेलं.

"डाव्या बरगड्यांखालची पाणथरी फुटलीय, प्लीहा," त्या म्हणाल्या. "मार बसला तेव्हा आत थोडं चिरलं असणार, रक्त तिथंच साकळून राहिलं. आज ते फुटलं. पोटात रक्त साठलं की छातीखालच्या पडद्याला लागतं आणि माणसाचा डावा खांदा दुखतो. खांद्याला काही झालेलं नसतं. कळलं?"

"कळले," अन्नम्मा म्हणाली. "पण कावड?"

"कावड गेली खड्ड्यात. ती मी घातली होती मध्ये."

हे त्या इतक्या सहज बोलल्या की अन्नम्मा बघत राहिली. आपलंच मघाचं बोलणं टाकून द्यायला सिस्टरांना जेवणातला खडा टाकायला लागतो तेवढाच वेळ लागला होता.

वॉर्डातला जुना नोकर कारभारी दारातच होता. सिस्टरांनी त्याला ऑफिसातल्या फोनकडं पिटाळलं.

"सोनईच्या पोस्टात लाव. म्हणावं डॉक्टरांची जीप आली असेल तर तशीच मागं फिरवा. कुणाचं नाव विचारलं तर माझं सांग. काय झालं विचारलं तर पाणथरी म्हण. एवढंच."

"सोनईला माणसं खोळंबली असत्याल, सिस्टर. आन् डॉक्टरांनी तर ह्याला घरी—"

"माहीत आहे मला. जा."

माहीत होतंच. त्यांचं चुकलं असतं तर सोनईत पहाटेपासून बसलेली माणसं हात हलवत परत गेली असती आणि एका माणसाची अर्ध्या आयुष्यानं आलेली पाळी एका नर्सच्या शंकेपायी हुकली असती. खेड्यात अशी गोष्ट विसरत नाहीत. पुढचा रोगी दवाखान्यात यायच्या आधी दहा जणांना विचारतो. सिस्टरांना याची भीती वाटत नव्हती असं नाही. पण बोटाखाली नाडी होती आणि ती दुसरं काही सांगत नव्हती.

त्यांनी सलाईन लावलं, लॅबमधल्या माणसाला रक्त जुळवायची तयारी करायला सांगितलं, ऑपरेशनच्या खोलीत स्टोव्ह पेटवून हत्यारं उकळायला घालायला लावली. हे सगळं डॉक्टरांनी सांगायच्या आधी.

तेवढ्यात सहादेव आत आला. हातात बैलाचा चाबूक तसाच होता.

"गाडी लावलीया. चला दादा."

"गाडी सोड," सिस्टर म्हणाल्या. "दादा कुठं जात नाही. पोटात रक्त चाललंय त्याच्या. डॉक्टर येतायत, पोट उघडावं लागेल."

सहादेव आधी भावाकडं बघत राहिला, मग सिस्टरांकडं.

"सकाळी डॉक्टर म्हनले जा घरी. माझ्या म्होरं म्हनले. आन् तुमी डॉक्टरच्या वरताण झाला काय?"

"डॉक्टरांनी सकाळचा माणूस पाहिला. तो चांगला होता. हा आत्ताचा माणूस आहे."

"काय झालंया आत्ता? बसून तर बोलत हुता मगाशी! काठी घेऊन दावत हुता!" तो खाटेकडं वळला. "दादा, दुखतंय का खांदा?"

"न्हाई आता," गहिनीनाथ म्हणाला. "बरं हाय. चल जाऊ. गावात समदे वाट बगत आसत्याल."

"बगा! ऱ्हायलं की दुखायचं! पॉट फाडायला निगाले ह्ये."

वॉर्डातली सगळी माणसं कोपरांवर उठून बघायला लागली होती. जैनुद्दीननं मान वळवून म्हटलं, "अरे पोरा, सिस्टर सांगतात ते ऐक," पण सहादेवचं तिकडं लक्ष नव्हतं. त्यानं सलाईनच्या नळीकडं पाहिलं, ही कशी सोडवायची याचा अंदाज घेत. सिस्टर नळीच्या आणि त्याच्या मध्ये उभ्या राहिल्या. त्याच्याशी त्या पुढं बोलल्या नाहीत. त्यांनी मालनबाईला हाक मारली.

"मालन, इकडं ये. गाठोडं ठेव खाली."

मालनबाई आली. सिस्टरांनी तिची दोन बोटं धरून आपल्या मनगटावर ठेवली.

"लागतंय काही उडताना?"

तिनं मान हलवली.

"ही माझी. वीस वर्षं धावपळ करून पन्नाशीला आलेल्या बाईची. नीट ध्यानात ठेव. आता ही तुझी स्वतःची बघ." त्यांनी तिची बोटं तिच्याच मनगटावर ठेवली. "भ्यालीयस, म्हणून जरा जोरात आहे. आणि आता त्याची."

मालनबाईनं नवऱ्याचं मनगट धरलं. चार माणसांत नवऱ्याचा हात धरायची तिला लाज वाटली, तिनं पदर पुढं ओढला. मग ती लाज विसरली. तिची बोटं तिथंच राहिली आणि ओठ हलायला लागले, जणू ती मोजत होती आणि तिला मोजता येत नव्हतं.

"हातपाय बघ," सिस्टर म्हणाल्या.

तिनं त्याच्या पावलाला हात लावला. बाहेर ऊन तापलं होतं आणि पाऊल गार होतं, घामानं ओलसर.

"भावजी," मालनबाई म्हणाली, "गाडी सोडा."

"वैनी, आवं कावड—"

"गाडी सोडा म्हनलं ना!" ती कडाडली. "मला कावड नगं. मला मानूस पायजे."

सहादेव चाबूक हातात घेऊन उभा राहिला. मग तो बाहेर गेला आणि बैल सोडल्याचा, जू टेकवल्याचा आवाज आला. सिस्टरांनी तेव्हाच श्वास सोडला. बाई शहाणी निघाली, नाहीतर आपण काय करणार होतो, हा विचार त्यांच्या मनात येऊन गेला. नळी धरून उभं राहिलो असतो, दुसरं काय.

डॉक्टर अलीम आले ते धुळीनं माखून. सोनईच्या पोस्टातल्या माणसानं सायकलवरून धाव घेऊन जीप वाटेतच पांढरीच्या पुलाशी गाठली होती, असं नंतर कळलं. ते थेट खाटेकडं गेले. नाडी पाहिली, पोटाला हात लावला, लांब सुई मागितली. सुई डाव्या कुशीतून पोटात घातली आणि पिचकारी ओढली तर तिच्यात काळसर रक्त भरलं. ते त्यांनी सिस्टरांना दाखवलं नाही, कारण दाखवायची गरज नव्हती.

"सकाळी काहीच नव्हतं," ते म्हणाले.

"नव्हतंच. मी होते ना शेजारी."

"पाणी उकळायला घातलंय?"

"उकळून निवलंय."

डॉक्टरांनी धुळीचा शर्ट तिथंच काढायला सुरुवात केली.

रक्त हवं होतं. लॅबवाल्यानं सांगितलं की सहादेवचं जुळतंय. सहादेव बाकावर बसला होता. बाटली पाहून त्याचा चेहरा उतरला.

"रगत दिल्यावर कावड उचलंल का मला? आठ दिसांनी निगायचंय."

"आठ दिवसांत भरून येईल. खा-पी आणि उचल."

"आन् माजा खांदा बसल्याला न्हाई. मी कदी भरली घागर न्हेली न्हाई. दादाच समदं करायचा."

"रक्त खांद्यातून काढत नाहीत, सहादेवा. बाही वर कर."

त्यानं बाही वर केली आणि तोंड दुसरीकडं फिरवलं. सुई टोचली तेव्हा त्यानं नाथांचं नाव घेतलं. सिस्टर त्याच्याजवळ थांबल्या नाहीत, त्यांना आत जायचं होतं.

दुपार कलल्यावर ऑपरेशनच्या खोलीचं दार उघडलं. मालनबाई भिंतीला टेकून बसली होती ती उठली. सिस्टरांचा अंगरखा घामानं चिकटला होता.

"आहे," त्या म्हणाल्या. "पाणथरी काढून टाकली. तिच्यावाचून माणूस जगतो. अजून दोन रात्री मी तुला हसून दाखवणार नाही, पण आहे."

मालनबाईनं त्यांचे पाय धरायला वाकून हात पुढं केले आणि सिस्टरांनी तिला दंडाला धरून उभं केलं. त्यांचेही डोळे भरले होते, ते त्यांनी लपवले नाहीत.

दोन रात्री गेल्या, मग आणखी गेल्या. गहिनीनाथ पेज प्यायला, मग भात खायला लागला. टाके निघाले. पाडव्याच्या दिवशी त्यानं खाटेवरून मढीच्या दिशेला हात जोडले. सिस्टरांनी त्याला त्या दिवशी छेडलं नाही.

पाडव्यानंतर सहादेव आला. कपाळावर गुलाल, हातात रेवड्यांचा पुडा, आणि मान एका बाजूला कललेली. तो दारातून आत आला तोच अंग चोरत, उजवा हात पोटाशी धरून.

"पोचली," तो खाटेजवळ येऊन म्हणाला. "दादा, कावड पोचली. कुटंबी टेकवली न्हाई."

गहिनीनाथनं भावाला जवळ ओढलं आणि दोघंही रडले. वॉर्डातल्या लोकांनी थोडा वेळ दुसरीकडं पाहिलं. मग रेवड्या वाटल्या गेल्या. जैनुद्दीनला, कारभारीला, समोरच्या रांगेला. सिस्टरांपुढं येऊन सहादेव जरा घुटमळला. त्या दिवशीचं बोलणं त्याच्या मनात असावं. त्यानं पुड्यातल्या उरलेल्या सगळ्या रेवड्या त्यांच्या ओंजळीत ओतल्या.

"नाथांचा परसाद हाय, शिस्टरबाई. चालंल न्हवं तुमाला?"

"न चालायला काय झालं? गोड आहे की." त्यांनी एक रेवडी तोंडात टाकली. "खांदा बघू."

"नगं, बरं हाय."

"बरं हाय म्हणणाऱ्याचाच आधी बघते मी आता."

त्यांनी त्याच्या सदऱ्याचा गळा बाजूला केला. उजव्या खांद्याची सालटी गेली होती, मांस सुजून वर आलं होतं. सूज जिथं संपत होती तिथं सिस्टरांनी हलकेच अंगठा टेकवला.

"मेलो, मेलो, मेलो!" सहादेव एका पायावर नाचला.

सगळा वॉर्ड हसला. गहिनीनाथ पोट धरून, टाक्यांना जपत हसला. जैनुद्दीन हसला. सिस्टर हसल्या नाहीत. त्यांचा अंगठा हवेत तसाच राहिला होता. याच अंगठ्यानं त्या दिवशी त्यांनी गहिनीनाथचा खांदा दोनदा दाबला होता, जोर लावून, आणि त्याच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नव्हती.

"अन्नम्मा," त्यांनी हाक मारली. "हात धुऊन इकडं ये. अंगठा ठेव इथं. हळू. हा कावडीचा खांदा. टेकवलं की ओरडतो."

अन्नम्मानं अंगठा ठेवला. सहादेव पुन्हा ओरडला.

"ते दादा ओरडले नव्हते," ती म्हणाली.

"नव्हता ओरडला. आणि दाबून कळत नाही, असं तोंडानं सांगितलंसुद्धा होतं त्यानं. मला."

"तुम्ही मलम लावले होते."

"हो. चांगलं चोळून लावलं होतं."

एवढं बोलून त्यांनी सहादेवला बाकावर बसवलं आणि त्याचा खांदा धुऊन औषध लावून दिलं, तो ओरडत असताना. मग मनगट धरत धरत त्या दुपारच्या फेरीला लागल्या. जैनुद्दीनच्या खाटेशी आल्या तेव्हा तो डावा हात उजव्या हातानं चोळत होता. तोंडातली रेवडी त्यानं चघळायची सोडून गालात धरली होती.

"काय चाचा? काय झालं?"

"कुछ नाही, सिस्टर. हात भरून आलाय सकाळपासून. दंडापासून पार करंगळीपर्यंत."

"अहो, पिंजाऱ्याचा हात तो. जन्मभर कापूस पिंजायची ती कमान पेललीत, दुखणारच—"

सिस्टर मध्येच थांबल्या. जैनुद्दीन त्यांच्याकडं बघत होता, पुढचं ऐकायला, आणि त्याला पटलेलंच होतं. पाठीचं गळू घेऊन तो इथं पालथा पडला होता, तीन आठवडे त्यानं कमानीला हात लावला नव्हता. त्याच्या वरच्या ओठावर घामाचे बारीक थेंब होते.

त्यांनी त्याच्या मनगटावर बोटं ठेवली, दुसऱ्या हातानं स्टूल खाटेशी ओढलं आणि मागं न बघता म्हणाल्या,

"अन्नम्मा, बस इथं. चाचांना विचार, पिंजारी म्हणजे काय असतं."